शेवटपर्यंत टिकायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

एका वाचक भगिनीचं मोठं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळून त्याचा सारांश देते.

त्यांचं वय 44. तीन वर्षांपूर्वी पतीच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. पतीची नोकरी गेली. घर, कर्जाचे हप्ते आणि औषधं यांच्या एकट्या पगारावर. सुरुवातीला मंडळीने, म्हणजे त्यांच्या चर्चमधल्या लोकांनी, उपवास-प्रार्थना केल्या, लोक भेटायला आले. हळूहळू येणं थांबलं. मग एका प्रार्थना गटातल्या ताई घरी येऊन म्हणाल्या, "घरात कबूल न केलेलं पाप असणार. खरा विश्वास असेल तर डायलिसिस बंद करून दाखवा, देव कार्य करील." बाई संडे स्कूलमध्ये शिकवतात. शद्रख, मेशख आणि अबेदनगो या, राजाच्या मूर्तीपुढे न वाकल्यामुळे भट्टीत टाकलेल्या तिघांची गोष्ट सांगताना एका लहान मुलीने विचारलं, "टीचर, मग तुमच्या मिस्टरांना देव बरं का नाही करत?" त्यांना पुढे बोलता आलं नाही. गेले काही महिने प्रार्थनेला बसलं की शब्द येत नाहीत. अपात्रपणे घेतलं तर दोष लागेल या भीतीने त्या प्रभुभोजनही (येशूच्या स्मरणार्थ उपासनेत दिली जाणारी भाकर आणि प्याला) घेत नाहीत. 17 वर्षांच्या मुलाने उपासनेला येणं सोडलं आहे. "देव ऐकत असता तर एव्हाना ऐकलं असतं," असं तो म्हणतो. त्या लिहितात: "'जो शेवटपर्यंत टिकून राहील तोच तरेल' हे वचन पूर्वी धीर द्यायचं, आता त्याची भीती वाटते. मी टिकलेली नाही, नुसती ओढत आहे. देव आमची परीक्षा घेतोय आणि माझ्या कमी विश्वासामुळे माझा नवरा बरा होत नाही, असं मनातून जात नाही. हे सगळं ढोंग थांबवावं का?"

प्रिय ताई,

सगळ्यात आधी डायलिसिसचं बोलू. बाकीचं सावकाश बोलता येईल, हे नाही.

डायलिसिस बंद करू नका. एक फेरीही चुकवू नका. किडन्या पूर्ण निकामी झालेल्या माणसाचं डायलिसिस थांबलं की अंगात पाणी, पोटॅशियम आणि टाकाऊ द्रव्यं साचत जातात, आणि बहुतेक रुग्ण काही दिवसांत किंवा थोड्या आठवड्यांत दगावतात. सल्ला देणाऱ्या ताईंचा हेतू चांगला असेलही, पण तो सल्ला जीवघेणा आहे. विश्वास दाखवण्यासाठी असं काही करावं लागतं, याला शास्त्रात आधार नाही. उलट उदाहरण मात्र आहे. मंदिराच्या शिरोभागावर उभं करून सैतानाने येशूला "खाली उडी टाक" म्हटलं आणि देवदूत तुला झेलतील असं स्तोत्रातलं वचनही पुढे केलं. येशूने उत्तर दिलं ते असं, की तुझा देव परमेश्वर ह्याची परीक्षा पाहू नको. वचन तोंडी असलं म्हणजे मागणी देवाकडूनच आली आहे असं होत नाही, हे त्या प्रसंगातून आपण शिकायचं.

प्रेषित पौलाबरोबर फिरणारा लूक हा वैद्य होता, आणि पौल त्याला "प्रिय वैद्य" म्हणतो. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याला सारखा पोटाचा त्रास व्हायचा. त्याला पौल विश्वास वाढव असं लिहीत नाही, नुसतं पाणी न पिता थोडा द्राक्षारस घे असं लिहितो. त्या काळचं ते औषधच होतं. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी तर एक ओळ आहे, जी आपल्या प्रार्थना सभांमध्ये कधी वाचली जात नाही: त्रफिमाला मी मिलेतात आजारी सोडून आलो. ज्याच्या हातून कित्येक माणसं बरी झाली तो प्रेषित आपल्या जवळच्या सोबत्याला आजारी अवस्थेत मागे ठेवून पुढे गेला. त्रफिमाचा विश्वास कमी पडला, असा एक शब्दही तिथे नाही. तुमच्या पतीचा आजार तुमच्या विश्वासाच्या मापावर ठरतो आहे, हे ओझं तुमच्या खांद्यावर देवाने ठेवलेलं नाही, ताई. ते माणसांनी ठेवलं आहे आणि तुम्ही ते उतरवून ठेवू शकता.

आता "घरातल्या पापा"बद्दल. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी येशूला हाच प्रश्न विचारला होता: पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशूने दोन्ही पर्याय नाकारले. शिलोहाचा बुरूज पडून 18 माणसं मेली, तेव्हाही ती इतरांपेक्षा जास्त पापी होती असं समजू नका, असं त्याने बजावलं. सगळं गमावून आजारी पडलेल्या इयोबाचे तीन मित्र आठवा. आले तेव्हा त्यांनी फार चांगलं केलं होतं. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले आणि कोणी एक शब्द बोललं नाही. बिघडलं ते बोलायला लागल्यावर. त्यांचं बोलणं वरवर धार्मिकच होतं: देव न्यायी आहे, ज्या अर्थी तू भोगतोस त्या अर्थी तुझं काहीतरी चुकलं असणार. पुस्तकाच्या शेवटी देव अलीफजाला सांगतो की माझा सेवक इयोब माझ्याविषयी जसं यथार्थ बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. यावर थोडं थांबा. इयोबाने आपल्या जन्मदिवसाला शाप दिला होता, देवाला कोर्टात खेचल्यासारखी भाषा केली होती, आणि तरी देव म्हणतो की बरोबर बोलला तो हाच.

त्या ताई पुन्हा आल्या तर वाद घालू नका. तेवढी ताकद तुमच्याकडे नाही आणि ती तिथे खर्चही करू नका. एवढंच म्हणा, "तुम्ही आमच्यासाठी प्रार्थना करता याबद्दल आभारी आहे. उपचारांबद्दल मात्र आम्ही डॉक्टरांचंच ऐकणार. यावर पुन्हा बोलायला नको." त्यांनी ऐकलं नाही तर पाळकांना, म्हणजे तुमच्या चर्चच्या पास्टरांना, सांगा. हा तुमचा खासगी रुसवा समजू नका. असा सल्ला उद्या दुसऱ्या कुणाच्या घरी गेला तर एखादा जीव जाईल, म्हणून पाळकांच्या कानावर तो जायलाच हवा.

आता ज्या वचनाची भीती वाटते त्याकडे येते. "जो शेवटपर्यंत टिकून राहील तोच तरेल" हे येशूने जैतुनाच्या डोंगरावर बसून शिष्यांना सांगितलं, वधस्तंभाच्या थोडेच दिवस आधी. ते ऐकणाऱ्यांचं पुढे काय झालं? मत्तयाच्या त्याच शुभवर्तमानात दोनच अध्यायांनंतर आहे की सगळे शिष्य त्याला सोडून पळाले. पेत्र मागोमाग अंगणापर्यंत गेला खरा, पण तिथे एका दासीपुढे "मी त्या माणसाला ओळखत नाही" म्हणाला, आणि असं तीनदा झालं. टिकणं म्हणजे एकदाही न डगमगणं असा अर्थ घेतला, तर ज्यांना हे वचन पहिल्यांदा सांगितलं त्यांच्यातला एकही त्यात बसत नाही. तरीही मंडळीचा पाया त्यांच्यावरच घातला गेला, कारण ते परत आले. आणि ते का परत येऊ शकले, हे लूक सांगतो. नाकारण्याआधीच, त्याच रात्री जेवणाच्या मेजावर, येशू पेत्राला म्हणाला होता, "तुझा विश्वास ढळू नये म्हणून तुझ्यासाठी मी विनंती केली आहे." पेत्र पडणार हे त्याला ठाऊक होतं. तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर, असंही त्याने पुढे सांगून ठेवलं.

तुमच्या पत्रातल्या "मी टिकलेली नाही, नुसती ओढत आहे" या वाक्यावर माझा विश्वास बसत नाही, तो यामुळेच. तुम्ही आठवड्यातून तीनदा पतीला घेऊन जाता, कामावर जाता, मुलांना शास्त्र शिकवता, आणि देव ऐकत नाही याचं तुम्हांला दुःख होतं. ज्याचा देवाशी संबंध संपला आहे त्याला देवाच्या शांततेचं दुःख होत नाही, त्याला ती जाणवतही नाही. तुम्ही ज्याला ढोंग म्हणता त्याला मी निष्ठा म्हणेन. मनात काहीही उमटत नसताना माणूस रोज दिलेल्या शब्दाला जागतो, तेव्हा निष्ठेची खरी कसोटी लागते. पती-पत्नीच्या नात्यात हे तुम्ही जगताच आहात. पतीच्या फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने जोडलेल्या रक्तवाहिनीच्या) हाताला धक्का लागू नये म्हणून कुशीवर वळतानाही सांभाळून झोपते, असं तुम्ही ओघात लिहून गेलात. त्यावेळी दर रात्री मन प्रेमाने भरून येतं का? नसेल येत. म्हणून ते प्रेम खोटं ठरतं का?

"देव परीक्षा घेतोय" या समजुतीबद्दलही बोलायला हवं, कारण पुष्कळांना ती छळते. विश्वासाची पारख होते असं याकोब आणि पेत्र दोघेही लिहितात, हे खरं आहे. पण पारख होते यावरून आपण नकळत एक सौदा तयार करतो: मी उत्तीर्ण झाले की हे संपेल, संपलं नाही म्हणजे मी नापास झाले. असा सौदा शास्त्रात नाही. इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय पूर्ण वाचा, निम्म्यावर थांबू नका. विश्वासाने कुणी राज्यं जिंकली, कुणी सिंहांची तोंडं बंद केली, कुणाला मेलेले परत मिळाले. आणि पुढच्याच श्वासात, दुसऱ्या कित्येकांनी हाल सोसले, टवाळी आणि फटके सोसले, ते करवतीने चिरले गेले, रानावनात भटकले. लेखक दोन्हींना एकाच यादीत घालतो आणि सगळ्यांविषयी एकच म्हणतो, की विश्वासाबद्दल यांच्याविषयी चांगली साक्ष देण्यात आली. सुटले त्यांचा विश्वास मोठा आणि चिरले गेले त्यांचा छोटा, अशी वाटणी त्याने केलेली नाही.

त्या छोट्या मुलीने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही शिकवत होता त्याच गोष्टीत आहे. ते तिघे राजाला म्हणतात, आमचा देव आम्हांला भट्टीतून सोडवायला समर्थ आहे, आणि ते न झाले तरी आम्ही तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. "ते न झाले तरी" असं ते म्हणाले तेव्हा भट्टीत काय होईल हे त्यांना माहीत नव्हतं. त्या मुलीला सांगा, "मला माहीत नाही गं. मीही देवाला हेच विचारते. आणि तरी मी त्याचीच आहे." लहान मुलांना खरं उत्तर पेलतं, खोट्या उत्तराचा वास मात्र त्यांना लगेच येतो.

प्रार्थनेला शब्द येत नाहीत, असं लिहिलं आहे. मग तुमचे शब्द सध्या बाजूला राहू द्या. स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रं आहेत आणि त्यांतली पुष्कळशी रडण्याची, तक्रारीची आहेत. तेरावं स्तोत्र "कोठवर?" असं पुन्हा पुन्हा विचारतं. बहुतेक विलापांचा शेवट स्तुतीकडे वळतो. अठ्ठ्याऐंशीवं मात्र वळत नाही. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं, शेवटच्या ओळीत आप्त-मित्रही दूर गेलेले असतात. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, आणि देवाच्या लोकांनी ते पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थना म्हणून म्हटलं आहे. ते लिहिणारा रात्रंदिवस ओरडतो, पण ज्याच्याकडे ओरडतो त्याला पहिल्याच ओळीत "माझ्या उद्धारक देवा" म्हणतो. एवढंच धरून तो बसला आहे. डायलिसिसच्या खुर्चीशेजारी तुम्ही चार-चार तास बसता. त्यातली पाच मिनिटं हे स्तोत्र हळू आवाजात वाचा, पतीलाही ऐकू जाईल असं. पुढे स्वतःची प्रार्थना जोडायलाच हवी असं नाही. "आमेन" म्हणून पुस्तक मिटलं तरी ती प्रार्थनाच झाली. रोमकरांस पत्रात पौल म्हणतो की प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही, तेव्हा आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो. कण्हणं तर तुमच्यापाशी भरपूर आहे.

धीर देताना लोक पंडिता रमाबाईंचं नाव घेतात, तुम्हांलाही कुणीतरी ऐकवलं असेल. त्यांच्या आयुष्यातलं जे सहसा सांगितलं जात नाही ते मी सांगते. दुष्काळाच्या काळात आईवडील आणि बहीण गेली, 1880 मध्ये भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हा 1882 मध्ये पती गेले. कडेवर तान्ही मुलगी. 1883 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, 1889 मध्ये त्यांनी शारदा सदन सुरू केलं. आणि आपल्या साक्षीत त्या स्वतः लिहून गेल्या आहेत, की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना कळलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचं जीवन जो ख्रिस्त, तो सापडला नव्हता. ती सगळी वर्षं त्या काही बसून नव्हत्या. शिकत होत्या, शिकवत होत्या, विधवांसाठी घर उभं करत होत्या. आत काहीतरी रितं असताना त्यांनी हातातलं काम सोडलं नाही, आणि सगळं मिळालं असं खोटंही सांगितलं नाही. मदर तेरेसांची खासगी पत्रं 2007 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांच्या आयुष्यातला देवाच्या जवळिकीशिवायचा अंधार कितीतरी दशकांचा होता हे जगाला कळलं. तुमचा कोरडेपणा त्यांच्याइतका लांबेल असं मला म्हणायचं नाही. तो आला म्हणून विश्वास संपला, असं त्यांच्याही बाबतीत झालं नाही, एवढंच.

दुसरीही एक शक्यता आहे आणि ती मी तितक्याच गांभीर्याने मांडते. तुम्ही थकला आहात. एलीया संदेष्टा कर्मेल डोंगरावर, देवाने आग पाठवून दिलेल्या उत्तराने, जिंकून आला आणि लगेच रानात एका रतामाच्या झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागू लागला. देवाने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं. देवदूताने उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई पुढे केली. तो खाऊन परत झोपला. पुन्हा उठवून पुन्हा खायला घातलं, कारण वाट तुला झेपणार नाही, असं देवदूत म्हणाला. मग 40 दिवसांचा प्रवास, आणि देवाशी बोलणं त्यानंतर. तुमच्या पत्रात झोपेविषयी एक ओळ आहे, "रात्री तीनला जाग येते ती येतेच." ताई, तुमच्या डॉक्टरांकडे स्वतःसाठी जा. झोप उडणं, कशातच मन न लागणं, सतत अपराधी वाटणं ही नैराश्याची लक्षणंही असतात. आजाऱ्याची वर्षानुवर्षं सेवा करणाऱ्यांना ते गाठतं, आणि त्यावर उपचार आहेत. "जगून काय करायचं" असा विचार कधी आला तर सकाळची वाट न बघता त्याच क्षणी कुणाला तरी सांगा आणि डॉक्टर गाठा. हे अविश्वासाचं लक्षण नाही, एलीयाही हेच बोलला होता.

संडे स्कूलमधून मात्र काही महिने रजा घ्या. तुम्ही लायक नाही म्हणून नव्हे, तुमचा रविवार तरी तुमचा असावा म्हणून. मुलांना दुसरं कोणीतरी शिकवील. सेवा सोडली तर देव रागावेल असं वाटत असेल, तर कामाच्या धावपळीत बुडालेल्या मार्थेला येशू काय म्हणाला ते वाचा.

मंडळीबद्दल तुमच्या मनात सल आहे, आणि तो रास्त आहे. लोक पहिल्या महिन्यात धावून येतात आणि तिसऱ्या वर्षी विसरतात. लांबलेल्या आजाराला सोबत कशी द्यायची हे आपल्या मंडळ्यांना अजून नीट शिकायचं आहे. तरी एक विचारते. तुम्हांला काय हवं आहे हे तुम्ही कुणाला नेमकं सांगितलं आहे का? "साक्ष बिघडेल म्हणून मी सगळ्यांना बरं चाललंय म्हणते," असं तुम्हीच लिहिलं आहे. पौलाकडे बघा. "जे सुयुद्ध ते मी केले आहे, धाव संपवली आहे, विश्वास राखला आहे" हे आपण अंत्यविधीत वाचतो. त्यानंतर सहाच वचनं पुढे तोच पौल लिहितो की त्रोवसात कार्पाकडे राहिलेला माझा झगा घेऊन ये, पुस्तकं आण, हिवाळ्याआधी येण्याचा प्रयत्न कर. देमास सोडून गेला, एकटा लूक जवळ आहे, हेही सांगतो. विश्वास राखलेला माणूस थंडी वाजते म्हणून झगा मागतो, आणि तो कुणाच्या घरी आहे हेही नावानिशी कळवतो.

तसंच पाळकांना लिहा. "आमच्यासाठी प्रार्थना करा" एवढंच लिहू नका, त्याला सगळे "हो" म्हणतात. अमुक वारी पतीबरोबर दवाखान्यात बसायला कुणी हवं आहे. कर्जाचे कागद समजावून सांगणारं कुणी हवं आहे. महिन्यातून एक दुपार मला घराबाहेर पडायचं आहे. आणि याकोबाच्या पत्रात सांगितलं आहे तसं मंडळीच्या वडिलांनी घरी येऊन तेलाभ्यंग करून प्रार्थना करावी, उपदेश न करता. यातलं अर्धं मिळालं तरी तुमचा आठवडा बदलेल.

मदत कशी करावी, हे इतर वाचकांसाठीही सांगते. यिर्मया संदेष्ट्याला राजवाड्यातल्या लोकांनी हौदात सोडलं होतं. पाणी नव्हतं, चिखल होता, आणि तो त्यात रुतत होता. एबद-मलेख नावाच्या, कूश देशातल्या माणसाने राजाकडे जाऊन परवानगी काढली. दोर घेऊन जाण्याआधी तो भांडाराखालच्या खोलीत गेला, तिथल्या जुन्या चिंध्या आणि फाटके कपडे गोळा केले, ते दोरांनी खाली सोडले आणि सांगितलं, हे काखेत घाल आणि त्यावरून दोर घे. वर ओढताना दोर काचू नयेत, एवढा विचार त्याने केला होता. संकटातल्या कुटुंबाकडे जाताना आपण वचनांचे दोर घेऊन जातो आणि चिंध्या विसरतो. तुम्हांला भेटायला येणाऱ्याने आधी दवाखान्याच्या वेळा विचाराव्यात.

याच विषयावर लिहिणाऱ्या काही भगिनी-बांधवांचं संकट मात्र वेगळं असतं. मारहाण करणारा नवरा, कामाच्या ठिकाणी श्रद्धेवरून होणारा छळ. तिथेही त्यांना "सोशीक राहा, टिकून राहा" असंच सांगितलं जातं. त्यांना सांगते, आजार टाळता येत नाही म्हणून सोसावा लागतो, अन्याय थांबवता येत असेल तर तो सोसण्यात पुण्य नाही. दिमिष्कात जिवावर बेतलं तेव्हा शिष्यांनी पौलाला पाटीत बसवून गावकुसावरून खाली सोडलं आणि तो निसटला. यरुशलेमेत फटके मारायला बांधलं तेव्हा त्याने आपण रोमी नागरिक आहोत हे सांगून कायद्याचा आधार घेतला. एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळून जा, असं स्वतः येशूने सांगितलं आहे. सुरक्षित जागी जाणं, तक्रार नोंदवणं यात विश्वासघात नाही.

तुमच्या मुलाबद्दल. त्याला जबरदस्तीने उपासनेला नेऊ नका, आणि देवाची बाजू घेऊन वादही घालू नका. तो चिडला आहे, कारण बाबांवर त्याचं प्रेम आहे. एखाद्या संध्याकाळी त्याला म्हणा, "मलाही तोच प्रश्न पडतो. मी तो देवालाच विचारते." तुम्ही आजवर त्याच्यासमोर खंबीर राहिलात, त्यामुळे त्याला दोनच वाटा दिसत असाव्यात: आईसारखं सगळं गप्प मान्य करायचं, नाहीतर सगळं सोडायचं. तक्रार करत करत देवाजवळ राहता येतं ही तिसरी वाट त्याने कधी पाहिलीच नसेल. त्या मुलाच्या बापाची हाक तुम्हांला आठवतच असेल, जो आपल्या लेकराला येशूकडे घेऊन आला होता: "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका." येशूने त्याला आधी अविश्वास संपवून ये असं म्हटलं नाही. मुलगा त्याच दिवशी बरा झाला. तुमच्या घरी तसं होईल असं वचन मी देऊ शकत नाही, मला तो अधिकार नाही. पण अशी अर्धीमुर्धी हाक घेऊन येणाऱ्याला येशू परत पाठवत नाही, हे मी ठामपणे सांगू शकते.

राहिलं प्रभुभोजन. "अयोग्य प्रकारे" खाण्यापिण्याचा इशारा पौलाने करिंथकरांना दिला तो कशावरून, हे त्याच अध्यायात थोडं वर आहे. तिथले खातेपिते लोक आपापलं जेवण आधी उरकत, कुणी पिऊन मस्त होई, आणि ज्यांच्याकडे काही नव्हतं ते भुकेले बसत. गरीब भावंडांना लाजवून प्रभूच्या मेजावर बसणं, हा त्यांचा अयोग्यपणा होता. शोकात असलेल्या, थकलेल्या, प्रार्थनेला शब्द न सुचणाऱ्या बाईला दूर ठेवायला ते वचन लिहिलेलं नाही. पहिल्या मेजावर पेत्र होता, आणि कोंबडा आरवायच्या आत तो काय करणार हे भाकर मोडणाऱ्याला ठाऊक होतं. तेव्हा येत्या वेळी मागच्या बाकावर बसून राहू नका, पुढे जा आणि घ्या. आणि पतीला इतका वेळ बसणं झेपत नसेल तर त्यांच्यासाठी प्रभुभोजन घरी आणा असं पाळकांना आधीच सांगून ठेवा. डायलिसिसवर पाणी मोजूनमापून घ्यावं लागतं, तेव्हा त्यांच्या प्याल्यात एक घोटच असू द्या, हेही त्यांना सांगा.